एआयमुळे नोकरी जाणार का? आधी आपल्या कामाचा गठ्ठा सोडून बघा

मी बरीच वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये काढली, आधी फोनवर मग चॅटवर, आणि आता नवीन पोरापोरींना ट्रेनिंग देते. हल्ली ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी हात वर करतं आणि विचारतं, मॅडम, हे काम अजून किती दिवस राहणार? मी उलट विचारते, कुठलं काम? कारण आपण ज्याला नोकरी म्हणतो तो एक बांधलेला गठ्ठा असतो, सोडून बघितला की आत वीस-पंचवीस वेगवेगळी कामं निघतात, त्यातली काही ऑलरेडी गेलीयेत, काही इतक्यात कुठं जात नाहीत, आणि काही तर अशी की पाच वर्षांपूर्वी कोणी करतच नव्हतं. हा गठ्ठा कसा सोडायचा आणि सोडल्यावर काय करायचं ते इथे लिहिते. नुकतीच नोकरी लागलेल्यांसाठी किंवा शोधणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना एआयच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी.

स्टेप १: बातमीतला टक्का कशाचा आहे ते बघा

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी ७०२ व्यवसायांचा अभ्यास केला आणि सांगितलं की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या ऑटोमेशनच्या मोठ्या धोक्यात आहेत. तो आकडा इतका फिरला की विचारू नका. मग २०१६ मध्ये ओईसीडीसाठी, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या एका संघटनेसाठी, दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रश्न घेतला, फक्त त्यांनी अख्खा व्यवसाय न मोजता माणूस प्रत्यक्षात दिवसभर काय काय करतो ते मोजलं, आणि २१ देशांची सरासरी निघाली ९ टक्के. कुठे ४७ आणि कुठे ९! मोजायची पद्धत बदलली एवढंच. २०२४ च्या जानेवारीत आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, म्हटलं की जगातल्या जवळजवळ ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल, श्रीमंत देशांत ६० टक्के. यात 'स्पर्श होईल' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्याच अहवालात लिहिलंय की श्रीमंत देशांतल्या अशा नोकऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना फायदाच होऊ शकतो. बातमीच्या हेडलाइनमध्ये मात्र 'इतक्या नोकऱ्या जाणार' असं येतं आणि आपण फॉरवर्ड करतो.

म्हणून सवय लावा, आकडा दिसला की विचारायचं: हा नोकऱ्यांचा टक्का आहे की कामांचा, आणि 'जाईल' म्हणतायत की 'बदलेल'. बहुतेक वेळा तिथेच अर्धी भीती उतरते. अर्धीच हां, पूर्ण नाही, ते पुढे येईलच.

स्टेप २: एक आठवडा वही ठेवा

हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत. पाच दिवस, जे काही कराल ते लिहून काढा, जॉब डिस्क्रिप्शनमधलं नाही, खरंखुरं. 'कस्टमरच्या तक्रारी हाताळणे' असं लिहू नका, त्याने काही कळत नाही. लिहा: तक्रार वाचली, जुनी हिस्टरी शोधली, रिफंड बसतो का ते नियमात बघितलं, उत्तर टाइप केलं, चिडलेल्या माणसाला फोनवर शांत केलं, दुसऱ्या टीमच्या मागे लागून काम करून घेतलं, नवीन जॉइन झालेल्याला सिस्टिम दाखवली. मी स्वतः हे केलं तेव्हा मला धक्काच बसला होता, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ 'मागे लागण्यात' जात होता आणि ते माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये एका शब्दानेही नव्हतं.

जे अजून नोकरी शोधतायत त्यांनी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाला तरी गाठून विचारा की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंस. 'तुझं काम काय' असं विचारलं तर तो गोलगोल सांगेल, 'काल' विचारलं की खरं निघतं.

आता प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी बघायच्या. हे काम मजकूर, आकडे किंवा चित्र आत घेऊन मजकूर, आकडे, चित्रच बाहेर देतं का? उत्तर बरोबर आहे की चूक हे पटकन तपासता येतं का? आणि चुकलं तर कोणाची मान अडकते? पहिल्या दोनचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'फार कोणाची नाही' असं असेल तर ते काम मशीनकडे जायला लागलंय असं धरून चला. साधं भाषांतर, ठरावीक ईमेल, मिटिंगचा सारांश, डेटा एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात टाकणं, कोडमधले रिपिट होणारे तुकडे, हे सगळं यात येतं. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०२३ च्या अभ्यासातही क्लेरिकल म्हणजे कारकुनी कामंच सगळ्यात जास्त कचाट्यात सापडलेली दिसली, आणि अशा कामांत बायका जास्त असल्यामुळे फटकाही त्यांनाच जास्त, ही गोष्ट फार कोणी बोलत नाही.

तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. २०१६ मध्ये एआयमधले मोठे संशोधक जेफ्री हिंटन, म्हणजे ज्यांना पुढे २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं तेच, म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच काय, त्याच्यापेक्षा जास्त वर्षं झाली, एक्सरे वाचणारी सॉफ्टवेअर खरंच आली, चांगली आली, पण रेडिओलॉजिस्टची टंचाई आजही आहेच. कारण त्या माणसाचा दिवस नुसता फोटो बघण्यात जात नाही, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणं असतं, जुने रिपोर्ट लावून बघणं असतं, आणि शेवटी रिपोर्टखाली सही असते. सहीखाली ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, आणि ते नाव सॉफ्टवेअरचं असून चालत नाही.

स्टेप ३: तीन रकाने

वहीतल्या ओळी तीन रकान्यांत टाका. मशीनला देऊन टाकायची, मशीनला सोबत घेऊन करायची, आणि स्वतःकडे ठेवायची. फार विचार करू नका, पेन्सिलने लिहा, नंतर खोडायला लागणारच आहे. पहिल्या रकान्यात तुमचा अर्ध्याहून जास्त वेळ जात असेल तर गंभीरपणे घ्या, घाबरा असं नाही म्हणत, पण पुढच्या वर्षभरात दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातलं काम मागून घ्यायला लागा. बॉसला म्हणायचं की हे मी करून बघू का. बहुतेक बॉस कामाला नाही म्हणत नाहीत.

स्टेप ४: घड्याळ लावून वापरून बघा

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस आलं, तेव्हापासून ज्याला त्याला वाटतं की याने माझा वेळ वाचतो. वाटतं खरं, पण वाचतो का? २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपर घेतले, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय वापरून काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि मजा म्हणजे काम झाल्यावर विचारलं तर तेच लोक सांगत होते की आम्ही २० टक्के फास्ट झालो. म्हणजे जाणत्या लोकांनाही स्वतःचा अंदाज येत नाही. याच्या उलटही आहे. २०२३ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ कन्सल्टंटवर प्रयोग झाला, त्यात एआय वापरणाऱ्यांनी कामं २५ टक्के लवकर आणि जास्त चांगली केली. पण त्याच प्रयोगात एक काम मुद्दाम असं ठेवलं होतं की जे एआयला जमत नाही, आणि तिथे एआय वापरणाऱ्यांची उत्तरं न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त चुकली, कारण समोर सफाईदार उत्तर आलं की माणूस विचार करणं सोडून देतो.

म्हणून महिनाभर असं करा. रकाना एक आणि दोनमधली चार-पाच कामं निवडा, प्रत्येक काम कधी एआय घेऊन, कधी न घेता, आणि मिनिटं लिहा. तपासायचा आणि दुरुस्त करायचा वेळ पण धरायचा, तोच लोक गाळतात. काही कामांत सरळ निम्मा वेळ वाचेल, काहींत नाकापेक्षा मोती जड होईल. ती यादी तुमची स्वतःची असेल, कुठल्याही व्हिडिओतल्या 'टॉप टेन टूल्स'पेक्षा जास्त कामाची.

स्टेप ५: तपासणं हे वेगळं स्किल म्हणून शिका

एआयचं उचलली जीभ लावली टाळ्याला असं असतं, माहीत नसलं तरी त्याच ठसक्यात बोलतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५ हजार डॉलरचा दंड झाला, कारण कोर्टात दिलेल्या कागदांत चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे खटले दाखवले होते. त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा की वकिलाने त्यालाच विचारलं होतं, हे खटले खरे आहेत का, आणि ते म्हणालं हो. तर नियम एक, एआयचं उत्तर एआयला विचारून तपासायचं नाही. 'नक्की का?' असं विचारलं की ते कधी चुकीला चिकटून बसतं तर कधी बरोबर उत्तरावरूनही माफी मागून पलटी मारतं.

तपासायचं कसं तर नावं, तारखा, आकडे, रकमा, कोणाचं तरी म्हणणं म्हणून दिलेली वाक्यं, या पाच गोष्टी मूळ ठिकाणी जाऊन बघायच्या. तुम्ही दिलेल्या डॉक्युमेंटवरून उत्तर काढलं असेल तर म्हणायचं, हे कुठल्या पानावर आहे ते वाक्य जसंच्या तसं दाखव, आणि मग ते पान स्वतः उघडायचं. आणि काय गाळलंय ते बघा, कारण चुकीचं लिहिलेलं डोळ्यात भरतं, गाळलेलं भरत नाही.

'बॉटने सांगितलं' हे कारण चालत नाही, हे पण लक्षात असू द्या. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, कंपनीने बाजू मांडली की चॅटबॉट म्हणजे जणू वेगळीच व्यक्ती आहे आणि त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, आणि २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने ते उडवून लावून कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. कंपनीला ती पळवाट मिळाली नाही, तुम्हाला-मला कुठून मिळणार.

अजून एक, ऑफिसचा डेटा, कस्टमरची नावं, कोड, पगाराचे आकडे हे बाहेरच्या फुकट टूलमध्ये पेस्ट करू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी आतला कोड असाच टाकला आणि कंपनीने अशी टूल्स वापरायलाच बंदी घातली. कंपनीचं धोरण काय ते विचारा, आणि लेखी विचारा.

स्टेप ६: शिडीची खालची पायरी

आता ती उरलेली अर्धी भीती.

माझ्या क्षेत्रातलाच एक अभ्यास आहे, २०२३ मध्ये बाहेर आला, ५ हजारांवर सपोर्ट एजंट, त्यांना चॅट चालू असताना काय उत्तर द्यावं ते सुचवणारं एआय दिलं. सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं, पण नवख्यांचं ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांना फारसा फरकच नाही. कारण ते एआय चांगल्या एजंटांच्या जुन्या चॅटवरूनच शिकलं होतं, म्हणजे सीनिअरची अक्कल नवख्याच्या कानात कुजबुजत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, जे शिकायला आधी सहा-आठ महिने जायचे ते पोरं आता दोन महिन्यांत करतात. मग नवख्यांची चैन व्हायला हवी ना? तर नाही. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतला पगाराचा डेटा बघितला, आणि ज्या व्यवसायांवर एआयचा परिणाम सगळ्यात जास्त, तिथे २२ ते २५ वयाच्या लोकांची नोकरीतली संख्या तुलनेने १३ टक्क्यांनी घसरलेली निघाली, त्याच व्यवसायातले मोठ्या वयाचे लोक मात्र टिकून होते.

दोन्ही एकाच वेळी खरं आहे. एआय नवख्याला पटकन वर चढवतं, आणि त्याचमुळे कंपनीला वाटतं की मग इतके नवखे हवेत कशाला. जी फुटकळ कामं करत करत आपण शिकलो, पहिला ड्राफ्ट, पहिली एक्सेल, सोप्या तक्रारी, तीच पहिल्या रकान्यात गेली. यावर कंपन्यांनी काहीतरी करायला हवं हे माझं स्पष्ट मत आहे, आज ज्युनिअर घेतले नाहीत तर दहा वर्षांनी सीनिअर काय आकाशातून पडणार आहेत? पण तोपर्यंत तुम्ही थांबून कसं चालेल.

तर हे करा. एक, ती फुटकळ कामं स्वतःच्या हाताने शिका, तुम्हाला कोणी त्याचे पैसे देत नसले तरी. आधी स्वतः ड्राफ्ट लिहायचा, मग एआयचा बघायचा, दोन्ही शेजारी ठेवून फरक लिहायचा. सुरुवातीला एआयचाच चांगला असेल, हरकत नाही. ज्या दिवशी तुम्हाला एआयच्या ड्राफ्टमध्ये खटकणारी गोष्ट दिसेल आणि का खटकली ते सांगता येईल त्या दिवसापासून तुम्ही कामाचे. आधी एआय आणि मग स्वतः असा उलटा क्रम ठेवलात तर ती नजर येतच नाही, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मुलं मी बॅचमागून बॅच बघतेय, टूल झरझर चालवतात आणि कस्टमरने एक उलटा प्रश्न विचारला की गप्प.

दोन, 'मी एआय वापरतो' हे बायोडेटात लिहून आता काही उपयोग नाही, सगळेच लिहितात. त्यापेक्षा एक छोटं काम दाखवा: हा प्रश्न होता, एआयने हे दिलं, यात या तीन चुका होत्या, मी अशा पकडल्या, शेवटी हे झालं. मुलाखतीत मी असं एक पान घेऊन आलेल्या मुलीला वीस मिनिटं जास्त बोलायला दिलं होतं, आणि घेतलं पण.

तीन, माणसांच्या जवळ राहा. सीनिअर चिडलेल्या क्लायंटशी बोलत असेल तर शेजारी बसू द्या म्हणा. हे कुठल्या चॅटच्या डेटात नसतं.

स्टेप ७: अर्ज करताना

तुमचा अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं असं धरूनच चला. साधा फॉरमॅट, सरळ हेडिंग, जाहिरातीतले शब्द खरोखर लागू असतील तर तेच वापरा. एआयकडून अख्खा बायोडेटा लिहून घेतला की तो शंभर जणांसारखा दिसतो, हे आम्हाला पलीकडून लगेच कळतं. आणि ही सॉफ्टवेअर निष्पक्ष असतात असं समजू नका. अॅमेझॉनने बायोडेटा तपासणारं एक टूल बनवलं होतं, जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे ते बायकांच्या अर्जांना मागे टाकायला शिकलं आणि कंपनीला ते बंद करावं लागलं, २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा टूलची दरवर्षी तपासणी आणि उमेदवाराला आधी कळवणं सक्तीचं केलंय, आणि युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात नोकरभरतीची टूल्स जास्त जोखमीच्या गटात टाकलीयेत, शिवाय कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर २०२५ च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे, उपचार आणि सुरक्षेचा अपवाद सोडून. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघा, आणि नसला तरी विचारायला काय जातंय की माझा अर्ज माणसाने बघितला का.

स्टेप ८: वाचलेला वेळ कोणाचा?

हे कोणी शिकवत नाही. चार तासांचं काम दोन तासांत व्हायला लागलं तर उरलेले दोन तास कुठे जातात? बोलला नाहीत तर नवीन कामाने भरतात. बोलायचं असेल तर स्टेप ४ मधली मिनिटांची वही घेऊन बोला, की इतका वेळ वाचला, त्यात मी हे नवीन काम घेते, ते माझ्या अप्रेजलमध्ये लिहा. फ्रीलान्सर असाल तर तासावर पैसे घेणं हळूहळू सोडा, कामावर घ्या, नाहीतर फास्ट झाल्याची शिक्षा तुम्हालाच.

एकट्याने जमत नाही तिथे एकत्र येऊन जमतं. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यात पैशांचे बाकी मुद्दे होतेच पण एआयचाही होता, आणि करारात आलं की एआयला लेखक मानायचं नाही आणि स्टुडिओने एआयचा मजकूर हातात दिला तर तसं सांगायचं. एआय वापरायचंच नाही असं कुठेही नाही त्यात, कोणी वापरायचं आणि कोणाच्या मर्जीने एवढंच ठरवून घेतलं.

कंपन्याही चाचपडतायत. क्लार्ना या स्वीडनच्या पेमेंट कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं की आमचा एआय असिस्टंट ७०० एजंटांचं काम करतो, आणि २०२५ मध्ये त्यांचेच सीईओ सांगत होते की क्वालिटी घसरली, माणसं परत घेतोय. म्हणून कुठल्याही एका घोषणेवरून राजीनामा नको आणि करिअरही नको. एटीएमचं उदाहरण बघा, अमेरिकेत १९८८ ते २००४ मध्ये शहरातल्या एका बँक शाखेतले टेलर, म्हणजे काउंटरवर पैसे देणारे-घेणारे कर्मचारी, सरासरी २० वरून १३ वर आले, पण शाखा चालवणं स्वस्त झालं म्हणून शाखाच ४३ टक्के वाढल्या आणि टेलरांची नोकरी टिकली. हे उदाहरण सांगणारे लोक इथेच थांबतात. पुढे मोबाइल बँकिंग आलं तेव्हा मात्र टेलर खरंच कमी व्हायला लागले.

स्टेप ९: वही परत उघडा

दर तीन महिन्यांनी, तारीख टाकून. टूल बदलतात, रकाने बदलतात, आणि ओळी फक्त मशीनकडेच सरकतात असं नाही. मी 'मिटिंगचे मिनिट्स' आनंदाने पहिल्या रकान्यात टाकले होते. मग एका मिटिंगमध्ये आमचे एक सीनिअर नवीन शिफ्टच्या प्रस्तावावर 'बघू' एवढंच म्हणाले, आणि टूलने लिहिलं की प्रस्तावावर विचार करायचं मान्य झालं. आमच्याकडे त्यांचा 'बघू' म्हणजे नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मेल गेला, दुसऱ्या टीमने त्यावर रोस्टर पण बनवलं, आणि निस्तरायला मला दोन दिवस लागले. ती ओळ आता दुसऱ्या रकान्यात आहे, पेन्सिलने.